पहिल्या रांगेतली मुलगी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे सचिव माननीय केशवराव हिरुळकर, व्यासपीठावर उपस्थित मुख्याध्यापक मुकुंद घाटोळे सर, संस्थेचे सन्माननीय सदस्य, ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते इंग्रजीचे ज्येष्ठ शिक्षक बळीराम शेंडे सर, त्यांच्या सुविद्य पत्नी इंदूबाई, रामटेकहून खास गाडी करून आलेले सरांचे नातलग, माझे सहकारी, पालक आणि विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, मी उत्तरा देवपुजारी, दहावीला इंग्रजी शिकवते. सर्वांना माझा सविनय नमस्कार आणि जयभीम.

मला पाच मिनिटं मिळाली आहेत. सकाळी घाटोळे सर म्हणाले, "मॅडम, सरांच्या साधेपणावर बोला. गोड बोला." माझ्याआधी चार वक्ते बोलले. चौघांनीही सांगितलं की सर साधे, सर शांत, सरांनी तेहतीस वर्षांत कधी कसली तक्रार केली नाही. टाळ्याही पडल्या.

क्षमा करा, पण हे खोटं आहे. सरांनी तक्रार केली होती. लेखी केली होती. कार्यालयाच्या आवक रजिस्टरमध्ये तिची नोंद आहे, काल मी स्वतः पाहून आले. ज्या माणसाचा अर्ज आपण दाबला, त्याच माणसाला 'तक्रार न करणारा' म्हणून शाल पांघरायची? हा सत्कार आहे की आणखी एक अपमान?

बसा, घाटोळे सर. मी सगळं रीतसरच बोलणार आहे.

पालकांसाठी थोडं सांगते. इंग्रजीच्या व्याकरणात फ्रेज नावाचा एक प्रकार असतो. फ्रेज म्हणजे दोन-चार शब्दांचा गट. त्याला स्वतःचा कर्ता नसतो, स्वतःचं पूर्ण क्रियापद नसतं. पण सगळा गट मिळून वाक्यात एकाच शब्दाचं काम करतो. कधी नामाचं, कधी विशेषणाचं, कधी क्रियाविशेषणाचं. मुलांना यातलं नेमकं काय अवघड जातं? ती गटाकडे बघतात आणि नाव देऊन मोकळी होतात. नावं पाठ करायला आपली गाइडं आहेतच.

सर पाठ करून घेत नसत. मी शाळेत नवीन असताना त्यांच्या वर्गात मागे बसून हा तास ऐकला आहे. त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, 'द टेम्पल ऑन द हिल इज ओल्ड.' विचारलं, "कोणतं देऊळ?" पोरं ओरडली, "गडावरचं!" मग खाली लिहिलं, 'द टेम्पल स्टँड्स ऑन द हिल.' विचारलं, "कुठं उभं आहे?" "गडावर!" सर म्हणाले, "शब्द तेच तीन. पण वरच्या ओळीत ते देवळाबद्दल सांगून राहिले, म्हणून अॅडजेक्टिव्ह फ्रेज. खालच्या ओळीत उभं राहण्याबद्दल सांगून राहिले, म्हणून अॅडव्हर्ब फ्रेज. गडावरचं आणि गडावर. तुमच्या मायबोलीले हा फरक आधीच माहीत आहे, बाबा." मग 'टू रीड' घेतलं. त्याची तीन वाक्यं केली आणि मुलांकडून तीन अर्थ वदवून घेतले: वाचणं, वाचायचं, वाचायला. नाम, विशेषण, क्रियाविशेषण. पस्तीस मिनिटांत सगळ्या वर्गाला समजलं.

एक गोष्ट अजून सांगते. आपण सगळे 'शब्दांच्या जाती' म्हणतो. पुस्तकातही तेच छापलं आहे. सर ते कधी म्हणत नसत. ते म्हणायचे, "शब्दाचं काम विचारा. जात कायले विचारता?" यावर स्टाफरूममध्ये हसणारे लोक होते. सरांच्या उच्चारांवर हसणारेही होते. "इंग्रजीच्या तासाला एवढी मराठी?" असं म्हणणारे तर अर्धे होते. त्या हसण्यात मी होते. आज ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दहावीची विशेष तुकडी निवडायची होती. तीस मुलं. त्यांना जादा तास, चांगले शिक्षक, सगळं काही. निवडीसाठी चाचणी ठेवली. इंग्रजीची प्रश्नपत्रिका आणि उत्तरसूची मी तयार केली. एक वाक्य होतं, 'द गर्ल इन द फ्रंट रो आन्सर्ड.' त्यातल्या 'इन द फ्रंट रो'चा प्रकार ओळखा. मी प्रश्न गाइडातून उचलला आणि उत्तरही तिथूनच. तिथे छापलं होतं, अॅडव्हर्ब फ्रेज. जागा दाखवते ना, मग अॅडव्हर्ब! मी विचारही केला नाही.

नववीत मेघा नावाची मुलगी होती. कन्हानहून बसने यायची. वडील खाणीत कामाला. तिने लिहिलं, अॅडजेक्टिव्ह फ्रेज. मी फुली मारली. यादी लागली तेव्हा मेघा एकतिसावी होती, एका गुणाने.

पेपर दाखवले तेव्हा ती उठली. ओरडली नाही, रडली नाही. म्हणाली, "मॅडम, याचा अर्थ 'पहिल्या रांगेतली मुलगी' असाच होते ना? मंग हे मुलीबद्दल सांगून राहिलं. अॅडव्हर्ब काहून झालं?"

मित्रहो, मला त्याच क्षणी कळलं. तिचं वाक्य पूर्ण व्हायच्या आत कळलं की ही बरोबर आहे आणि मी चूक आहे. मी शिक्षणसेवक होते, कायम व्हायला एक वर्ष उरलं होतं. मी काय म्हणाले असेन? म्हणाले, "छापलेल्या पुस्तकापेक्षा तुला जास्त कळतं का? बस खाली."

ती बसली. मधल्या सुट्टीत पेपर घेऊन शेंडे सरांकडे गेली. सरांनी मला काही विचारलं नाही. संध्याकाळी कार्यालयात अर्ज दिला, 'उत्तरसूची चुकीची आहे, सर्व पेपर पुन्हा तपासावेत.' पुन्हा तपासले असते तर मेघा आत येत होती आणि तिसावं नाव बाहेर जात होतं. ते नाव कोणाच्या घरचं होतं ते व्यासपीठाला माहीत आहे. मी इथे घेणार नाही. त्या मुलीचा यात काडीचाही दोष नव्हता. दोष मोठ्यांचा होता.

सरांना बोलावणं आलं. मी त्या खोलीत हजर होते. घाटोळे सर, आठवतं ना? तुम्ही म्हणालात, "शेंडे, एका मार्कासाठी शाळेची इज्जत काढता काय?" सर म्हणाले, "मार्क एकच आहे, सर. पण उत्तरही एकच आहे." मग तुम्ही माझ्याकडे वळलात. "देवपुजारी मॅडम, तुम्ही सांगा, उत्तरसूची बरोबर आहे ना?"

मी म्हणाले, "पुस्तकात तसंच आहे, सर."

चार शब्द. ते खोटेही नव्हते, म्हणून जास्त घाणेरडे होते.

तिसऱ्या दिवशी सरांना मेमो मिळाला. विद्यार्थ्यांना शिक्षकांविरुद्ध चिथावल्याचा. तो त्यांच्या सेवापुस्तिकेला जोडला गेला. मेघाच्या वडिलांना शाळेत बोलावलं. ते पाळी सोडून आले होते, कोळसा नखांत तसाच होता. त्यांना कोणी खुर्ची दिली नाही. सांगण्यात आलं की मुलीने उर्मटपणाबद्दल माफीपत्र लिहावं, नाहीतर दाखला घेऊन जावं. मेघा बापाकडे बघत राहिली. तिचे वडील म्हणाले, "लिही वं मेघा. लिहून टाक. आपल्याले शिकायचं आहे." माफीपत्र इंग्रजीत हवं होतं. मजकूर कोणी सांगितला? मीच सांगितला. एकेक शब्द. तिने लिहिला, आणि त्यात एकही चूक नव्हती.

इथे बसलेल्या किती जणांना हे ठाऊक होतं? स्टाफमधल्या सगळ्यांना. किती जण बोलले? मान खाली घालू नका, मी तुमच्याहून वेगळी नव्हते. तुम्ही गप्प राहिलात, मला तर त्याचं बक्षीस मिळालं! शेंडे सरांचे नववी-दहावीचे वर्ग काढून मला दिले. सरांना पाचवी, कार्यानुभव आणि पोषण आहाराच्या नोंदी. ज्या माणसाने तीन शब्दांत व्याकरण उलगडून दाखवलं, त्याच्याकडून आपण सहा वर्षं खिचडीची ताटं मोजून घेतली. मला याच व्यासपीठावर आदर्श शिक्षिकेची ढाल मिळाली. मी ती हसत घेतली. फोटो कार्यालयात लावला आहे.

मग आज हे का बोलते आहे? गेल्या महिन्यात कामठीला नात्यातल्या एका बाईंना दवाखान्यात बघायला गेले होते. सलाइन लावायला आलेल्या नर्सने मला ओळखलं. मेघा. मी विचारलं, कशी आहेस? म्हणाली, "बरी आहे, मॅडम. ते उत्तर मले आजही येते. पण त्या दिवसापासून मी कोणालेच काही विचारलं नाही. नर्सिंगलेबी नाही. समजलं नाही तर घरी जाऊन एकटीच वाचत बसो." तिच्या बोलण्यात राग नव्हता. आपलं गाव सांगावं तसं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे गेले. इथेच मनीषनगरला राहतात, माझ्या घरापासून दहा मिनिटांवर. सहा वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभी होते. सगळं सांगितलं. सर म्हणाले, "मले माहीत होतं, मॅडम. तुमचा चेहरा पाहिला होता मी त्या दिवशी."

"मग तुम्ही माझं नाव का घेतलं नाही?"

"तुमची नोकरी नवी होती. आणि वाटलं, तुम्ही स्वतःच बोलाल. वाट पाहून राहिलो होतो."

सहा वर्षं! मी रडायला लागले. तेव्हा आतून इंदूबाई बाहेर आल्या. मी त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगते, कारण या सभागृहात बोललं गेलेलं हे पहिलं खरं वाक्य असेल. त्या म्हणाल्या, "यायनं पाहिली असन वाट. म्या नाही पाहिली. पाचवीचं टाइमटेबल हातात घेऊन हे घरी आले, त्या दिवशी जेवले नाही. तुमी आता रडून राहिल्या, बाई. तवा कुठं होत्या?"

सर म्हणाले, "जाऊ दे वं." त्या म्हणाल्या, "नाही जाऊ देत."

इंदूबाई, तुम्ही जाऊ दिलं नाहीत, म्हणून मी आज इथे उभी आहे. सरांच्या मोठेपणाने मला नुसतं बरं वाटलं असतं आणि मी घरी जाऊन झोपले असते.

चिठ्ठी मिळाली, अध्यक्ष महोदय. 'वेळ संपली' असं लिहिलं आहे. माझी पाच मिनिटं केव्हाच संपली, कबूल. आणखी दोन मिनिटं घेते.

मी मेघासाठी माफीपत्र लिहिलं आणि रविवारी कन्हानला जाऊन तिच्या हातात दिलं. तिने उभ्याउभ्या वाचलं. मी लिहिलं होतं, 'त्या वेळी झालेल्या गैरसमजाबद्दल'. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "मॅडम, गैरसमज काहून लिहिलं? तुम्हाले तर समजलं होतं ना?"

मी तिच्यासमोर तो शब्द खोडला आणि 'खोटेपणाबद्दल' असं लिहिलं. तिचे वडील बाजूला उभे होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली. माझ्याने बसवलं नाही.

आज सकाळी मी कार्यालयात पत्र दिलं आहे. उत्तरसूची माझी होती, ती चुकीची होती, मला तेव्हाच कळलं होतं, आणि शेंडे सरांचा अर्ज शब्दशः खरा होता. पोचपावती माझ्या पर्समध्ये आहे. अध्यक्ष महोदय, सरांची सेवापुस्तिका सोमवारी शिक्षण विभागाकडे जाणार आहे. त्याआधी तो मेमो मागे घेतल्याचं पत्र तिला जोडलं गेलं पाहिजे. नाहीतर मंगळवारी माझं पत्र घेऊन मी स्वतः त्या विभागात जाईन. माझं काय करायचं ते संस्थेने ठरवावं, मी तयार आहे. ती ढाल आणि तो फोटो उद्या माझ्या नावानिशी परत घ्यावा.

विद्यार्थ्यांनो, टाळ्या वाजवू नका. ही टाळ्यांची गोष्ट नाही.

शेंडे सर, तुम्हाला निरोगी आयुष्य लाभो असं आज सगळे म्हणाले. मीही मनापासून म्हणते. तुम्ही पोरांना जे देत होतात ते आम्ही सहा वर्षं अडवून धरलं. ते परत करण्याची सोय आमच्याकडे नाही. निदान ते हिरावून घेतलं होतं एवढं तरी इथे मोठ्याने म्हणावं, यासाठी मी उभी राहिले.

मला बोलण्याची संधी दिल्याबद्दल आयोजकांची आभारी आहे. संधी कशासाठी दिली होती आणि मी ती कशासाठी वापरली, हे मला कळतं. मान्यवरांपैकी कोणाचं नाव घ्यायचं राहून गेलं असेल, बोलण्याच्या भरात एखादा शब्द जास्त गेला असेल, तर तो सभागृहाने पदरात घ्यावा. माझी सहा वर्षं मात्र कोणी पदरात घेऊ नये. अध्यक्ष महोदय, तुमचं भाषण अजून व्हायचं आहे. उत्तर तुम्ही तिथूनच द्या. आम्ही सगळे बसून ऐकतो.