टॅगवर माहंच नाव

...दोनच तर लाईट लावले हो मी! दोन! वाटीएवढे, पिवळे, समोरच्या बंपरखाली... आन् ते शोरूमवाली पोरगी माह्याकडे अशी पाहून राह्यली जसं मी गाडीची किडनीच काढून विकली! तुमाले सांगतो, चौतीस वर्षं स्टील प्लांटमधी इलेक्ट्रिकलले काढली मी. फर्नेसवर काही अडलं की फोरमन म्हने, "पुंडलिक को बुलाओ, उसका जॉइंट नहीं खुलता." आन् आता रिटायर झाल्यावर मले वायरिंग कोन शिकवते? जिचा जन्म माह्या दुसऱ्या प्रमोशनच्या नंतरचा आहे ते!

बरं, गाडी माही नाही. पोराची. कौस्तुभ पुण्याले राहते, त्यानं घेतली, त्याच्याच नावावर, आईसाठी. आमच्या अन्नपूर्णाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, आठवड्यातून दोनदा तिले रायपूरले व्यायामाले न्या लागते, आन् बसची पायरी तिले चढताच येत नाही. तर चावी देताना पोरगा मले काय म्हनते? "बाबा, प्रॉमिस करा. हिला हात लावायचा नाही. नवी गाडी आहे, वॉरंटी आहे, काही झालं तर सरळ शोरूम." मी म्हनलं हो रे बाबा, हो! घरातली मिक्सी, कूलर, शेजाऱ्याची मोटर, सगळं या हातानं केलं, आन् हा मले सांगून राह्यला हात लावू नका!

पन आमचा जुनवानीचा रोड पाह्यला का तुमी? संध्याकाळ झाली की गाई बसतेत. मधोमध! काळा रोड, काळी गाय, आन् कंपनीचा हेडलाईट असा की पन्नास हातावरचं दिसत नाही. शेजारी अन्नपूर्णा... "अहो गाय! अहो गाय! अहो, गाय आहे नं!" एकदा तर गाय नोतीच, शेजारचे वर्मा साहेब फिराले निघाले होते! मंग सांगा, माणसानं काय करावं? दोनच तर लाईट लावले!

पावर हाउसच्या बाजारात गेलो, केवलरामच्या गाडीच्या सामानाच्या दुकानात. तो बिचारा म्हने, "भैया, रेडीमेड वायरिंग ले जाओ, कपलर वाला. खट से लगेगा, कंपनी की तार काटना नहीं पडेगा." मले असा राग आला! खटसे? मी का खटसे लावनारा माणूस आहे? म्हनलं, लाईट दे फक्त, बाकीचं मी पाह्यतो. घरी आलो, बॉनेट खोललं, कंपनीची तार कापली, जोड दिला, शिसं ओतलं, वरून स्लीव्ह चढवली... काय जॉइंट होता महाराज! फोटो काढून ठेवावा असा. काढला फोटो. पन तो शोरूमवाल्यांनी काढला.

तीन महिने सगळं मस्त. मंग एका सकाळी अन्नपूर्णाले घेऊन रायपूरले जाऊन राह्यलो, ओव्हरब्रिजच्या अलीकडे गाडी बंद. डॅशबोर्ड काळा, काच खाली होत नाही, आन् हॉर्न? हॉर्न आपोआप सुरू! पोंऽऽऽ! थांबतच नाही! समोरचा ऑटोवाला उतरून आला, "क्या अंकल, उडके जाऊँ क्या?" आता बंद काचेतून त्याले काय सांगू? मी आतून हात जोडून राह्यलो, तो समजे मी माफी मागून पुन्हा वाजवून राह्यलो!

गाडी ओढून शोरूमच्या वर्कशॉपले नेली. तिथी ते पोरगी, स्नेहल नाव. "अंकल, मॉड्यूल उड गया है. गाडी का दिमाग समझ लो." म्हनलं, वॉरंटीत बदला. "बदल देते अंकल, मगर..." आन् टॅबलेट समोर धरला. फोटो! माहा जॉइंट! आन् जॉइंटले बांधलेला, प्लास्टिकमधी गुंडाळलेला टॅग! नाव, पुंडलिक. प्लांटचा टोकन नंबर. तारीख. खाली सही, 'तपासलं, ठीक.' कावून हसता? प्लांटमधी टॅगशिवाय काम होते का? चौतीस वर्षांची सवय, हातानंच लिहिलं, डोक्याले विचारलं कुठी?

म्हनलं, पन माह्या लाईटनंच उडालं कशावरून? दोनच तर लाईट आहेत! ते म्हने, "वो ना आप साबित कर सकते, ना मैं. कंपनी कटी हुई तार देखती है. इंजिन की वॉरंटी है, सस्पेंशन की है, सिर्फ इलेक्ट्रिकल की गई. कपलर लगाया होता तो मैं आपके लिए लडती."

मंग बाकावर पाय लांब करून बसलेल्या अन्नपूर्णाकडे तिनं पाह्यलं, जवळ आली, आन् एकदम मराठीत! "काका, फॉर्मवर लिहा, लाईट कोणी लावले माहीत नाही. टॅग मी काढून टाकते. कधी कधी वरून पास करतात."

खोटं नाही बोलत, मन झालं. पोराचा चेहरा समोर आला हो! पन टॅग... आमच्याकडे टॅग ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं काढला आन् करंट सोडला तर आत माणूस असते. माह्या शिफ्टचा टिकाराम तसाच गेला. त्या दिवसापासून मी कोनाले टॅगले हात नाही लावू दिला. आता या वयात ते पोरगी काढनार, आन् मी पाहत उभा राहनार? पेन घेतला आन् लिहिलं, 'स्वतः केलं.' टोकन नंबरसहित! भीती वाटत होती, पन लिहिलं.

आन् तो फॉर्म कोनाले गेला? गाडीच्या मालकाले! दहा मिनिटात पुण्याहून फोन. "बाबा... हे अक्षर तुमचं आहे ना?" म्हनलं, हो. "तुम्ही प्रॉमिस केलं होतं." म्हनलं, दोनच तर... त्यानं हळूच फोन ठेवला. ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

गाडी अकरा दिवस वर्कशॉपमधी. तितके दिवस व्यायाम बंद, अन्नपूर्णाचा गुडघा पुन्हा आखडला. संडासले जाताना भिंत धरून चाले. मी हात द्याले गेलो की बाजूले करे.

बिल पोरानं भरलं. गाडी आली. मंग त्याचा फोन आला, आवाज एकदम गोड. "बाबा, आता इलेक्ट्रिकलची वॉरंटी तर गेलीच आहे. आता तुम्हाला जे लावायचं ते लावा, मी काही म्हणणार नाही."

काल गाडीच्या आतला छोटा बल्ब गेला. अर्ध्या मिनिटाचं काम. अन्नपूर्णा म्हने, "पाहा ना जरा."

मी म्हनलं, शोरूमले फोन लाव.