खालची नळी थंडगार
तुम्ही मला चतुर म्हणता, म्हणून हे सांगतो. नागपूरहून आणलेली माझी डिझेलवर चालणारी लॉरी राजूर घाटात उकळली. ड्रायव्हर किसन म्हणाला, "शेठ, पाणी भरपूर हाय. रेडिएटरची वरची नळी चटका देते अन् खालची थंडगार. पाणी फिरूनच नाही राह्यलं."

"मले शिकवतो काय बे? पाणीच भरलं नसशील!" मोताळ्याच्या भर बाजारात कामचुकार म्हणून मी त्याला काढून टाकलं.

नव्या ड्रायव्हरच्या हातीही लॉरी तिथंच उकळली. मिस्त्रीनं दोन्ही नळ्यांना हात लावला. "पाणी सोडणारी आतली झडप अडकली, शेठ. पाणी भरपूर हाय, पण फिरत नाही."

किसनला परत बोलवायला गेलो. तो म्हणाला, "येतो ना. पण बाजारात बोलले, ते बाजारातच मागं घ्या."

तेवढी हिंमत झाली नाही. तुम्हालाही आज दार लावूनच सांगतोय.