निवलेली काच

सन्माननीय अध्यक्षमहोदय, व्यासपीठावरच्या प्रमुख पाहुण्या, आरसे विभागातली सगळी वडीलधारी मंडळी, आणि आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आमच्या मॅडम, म्हणजेच माझी सख्खी आत्या!

आधी एक दुरुस्ती. तुमच्या हातातल्या पत्रिकेतला परिचय मी लिहिलाय. 'मॅडमच्या हातून आजवर एकही आरसा बिघडला नाही' हे त्यातलं वाक्य चुकीचं आहे. काल ते वाचून आत्याने चष्मा काढला. "अगं, हे कुणाचं कौतुक? एक बिघडवलाय मी. रोज तुझ्या आतोबांच्या तोंडासमोर असतो."

आत्याच्या घरी बेसिनवर एक गोल आरसा आहे. त्यात गाल जरा मोठे दिसतात. दाढी करताना आतोबा म्हणतात, "लग्नानंतर माझी तब्येत सुधारली ती फक्त या आरशात!" तो दुर्बिणीसाठी घडवलेला, हे मला ठाऊक होतं. जास्तीचा उरला असेल, असं वाटायचं.

तर झालं होतं असं. नवी नोकरी, उत्साह दांडगा. पॉलिश करताना काच तापते आणि तापली की किंचित फुगते. आत्याने ती निवायची वाट न बघता तपासायला लावली. मध्ये फुगवटा दिसला. तिने तो घासून काढला. मग काच निवली, फुगवटा आपोआप बसला आणि घासलेल्या जागी खळगा उरला.

"केवढा गं?" मी विचारलं.

"केसाच्या जाडीपुढेही काहीच नाही. पण ताऱ्याचं चित्र बिघडवायला तेवढा पुरतो."

मी पहिली अक्षरं गिरवली ती आत्याच्या टेबलावर, पॉलिशच्या तांबड्या भुकटीत. पाढ्यांच्याही आधी तिने शिकवलं, 'काच निवेपर्यंत हात मागे.' ते मी इतकं मनावर घेतलं, की काय सांगू!

आपला नवा पातळ आरसा सर्वांना माहीत आहे. हवेच्या थरथरीने तारा लुकलुकतो. तो स्थिर दिसावा म्हणून हा आरसा मागून क्षणाक्षणाला वाकवायचा. आत्या म्हणते, "जन्मभर आम्ही आरसे वाकू नयेत म्हणून झिजलो, आणि तुम्ही मुद्दाम वाकवता!" त्याच्या कडेला थोडा उंचवटा राहिलाय. तो काढायचं शेवटचं पॉलिश माझ्याकडे आहे. जास्त घासलं गेलं तर काच परत भरता येत नाही, आणि दुसरी काच नाही. म्हणून मी मोजतेय. पुन्हा मोजतेय. उत्तर दर वेळी तेच येतं. अध्यक्षमहोदयांनी विचारलं, "झालं का?" मी म्हटलं, "काच निवू द्या, सर."

हे काल आत्याला सांगितलं, तर ती हसत सुटली. "ती काच कधीच निवली गं! तापलेली तू आहेस. बिघडला तर बिघडला, बेसिनवर अजून जागा आहे. न घासलेला आरसा मात्र ना दुर्बिणीत लागत, ना बेसिनवर."

आतोबा आतून ओरडले, "लावा, लावा! दुसराही गाल सुधारेल!"

तेव्हा पत्रिकेत 'एकही आरसा बिघडला नाही' खोडून 'एकच आरसा बिघडला' करावं, ही विनंती. आत्या, तुझे आभार मानले तर घरी गेल्यावर रागावशील, म्हणून ते मॅडमचे मानते. आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, ऋणी आहे. बोलण्यात कुठे खाचखळगा राहिला असेल, तर तो माझ्या घाबरटपणाच्या खाती टाका आणि माफ करा.

आणि अध्यक्षमहोदय, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: शेवटचं पॉलिश मी करणार आहे, येत्या सोमवारी, नऊ मार्चला.