पेटीला सावली

हसायचं तर हसा, पण माझी थंडाव्याची पेटी आत्यानं बरेच दिवस चालूच दिली नाही.

आत्या पेडगावला राहते. तिला इन्सुलिन लागतं, आणि उन्हाळ्यात तिथली लाइट कधीही जाते. म्हणून तिच्याच शेतातल्या कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा मी बारीक छिद्रांचा कोळसा केला आणि त्यावर चालणारी बिनविजेची पेटी बनवली. दिवसा उन्हानं कोळसा तापला की त्यात मुरलेलं स्पिरिट बाहेर पडतं. रात्री निवलेला कोळसा ते परत ओढून घेतो, आणि त्या ओढण्यात पेटी गार पडते. अंगणात ठेवून मी परभणीला आलो.

रोज फोन करायचो. "आत्या, झाली का गार?"

"न्हाई रे बाबा."

मला वाटलं, कोळसाच फसला. पुन्हा भट्टी लावायला निघालो होतो. शेवटी एका दुपारी न सांगता गेलो, तर पेटी कडुलिंबाखाली, आणि वर ओलं पोतं!

"आत्या, हे काय?"

"लय ऊन हाय रे. गार करायचं यंत्र, आन तूच त्याला भाजायलास?"

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अगं, ही तापली नाही तर तुझं औषध गार कसं राहील?"

मी पेटी उन्हात ओढली आणि हातपाय धुऊन आलो. बघतो तर आत्या डोक्यावर पदर घेऊन पेटीशेजारी, भर उन्हात.

"आता तू कशाला बसलीस इथं?"

"माज्यासाठी तापायली ना ती? मग मी सावलीत बसू व्हय?"