झिपरीचा सातवा भाग

हसा ना, मोकळेपणानं हसा — पुस्तक काही उशीखाली सापडलेलं नाही तुम्हाला, खुर्चीवर उघडं पडलं होतं, तेव्हा म्हातारा चोरून वाचतो असं म्हणायची सोय नाही. हो, माझंच. नातवंडं नाहीत मला. ‘झिपरी आणि मंडळी’, भाग सातवा, वयोगट बारा ते सोळा, मुखपृष्ठावर कुत्रा. बसा. तिथं नको, त्या खुर्चीचा पाय डुगडुगतो, इकडे बसा — आणि तो कागद टेबलावर ठेवा, मी काही खात नाही तो. मालकांनी सुट्टीच्या दिवशी सकाळी आपल्या पेपरचा वकील माझ्या घरी धाडला, म्हणजे घाई त्यांना आहे. मला नाही.

काय विचारायला आलात ते मीच सांगतो, तुमचे श्रम वाचतील. पाणी पुरवणारी कंपनी तपासणीचे खोटे अहवाल लावते, ही बातमी मला आतून कुणी दिली? नाव सांगितलं की कंपनी दावा मागे घेणार, मालकांना झोप लागणार, माझी नोकरी राहणार. नाही सांगितलं तर या राजीनाम्यावर सही. एवढंच ना? मग मालकांच्या खोलीत दिलं होतं तेच उत्तर — नाव मिळणार नाही. त्या माणसाला उद्या कामावरून काढतील, परवा चोरीचा आळ घालतील, आणि तेरवा तुम्ही-मी दोघंही ओळख दाखवणार नाही. अशा गोष्टी मी पाहिल्यात. चहा घ्याल? दूध संपलंय, कोरा मिळेल.

पुन्हा पुस्तकाकडेच बघताय! मला कळतं तुमच्या मनात काय चाललंय — ज्यानं मंत्र्यांना घाम फोडला तो माणूस पोराटोरांची पुस्तकं घेऊन बसलाय, बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. अहो, ही पुस्तकं नसती तर झाला असता! हेच पाणी पिऊन आजारी पडलेली मुलं त्या इस्पितळात एकेका खाटेवर दोन-दोन झोपवली होती, दोघांना सलाइन, आणि एकीची आई मला विचारते, पाणी उकळून दिलं होतं हो, माझं काय चुकलं? तिथून घरी येऊन मी काय वाचावं म्हणता? अग्रलेख? इथं कुणी मरत नाही. फार तर शाळेची घंटा चोरीला जाते. झिपरी नावाची पोरगी, तिचा ढब्बू मावसभाऊ, सायकलचं दुकान चालवणारी मावशी, आणि दरवेळी भलत्याच माणसावर भुंकणारा कुत्रा — बास. घंटा कुणी चोरली? गणिताच्या सरांनी. का? तर उदाहरण फळ्यावर अर्ध्यात आलं की ती मेली वाजायची, आयुष्यभर! मला तर त्या सरांबद्दल आदरच वाटला. आणि झिपरी काय करते? त्यांच्यासमोर जाऊन उभी राहते, विचारते, “सर, तुम्हीच ना?” सर म्हणतात, “हो गं.” संपलं! मी कंपनीच्या व्यवस्थापकाला हाच प्रश्न तोंडावर विचारला — त्यानं मला कंपनीचं भिंतीवरचं कॅलेंडर भेट दिलं. वर धबधब्याचं चित्र! आणि मागोमाग दावा. सगळे भाग चाळून बघा, एकही वकील नाही त्यांत. राग मानू नका, पण म्हणूनच चोर सापडतो.

या सातव्यानं मात्र डोकं उठवलंय. पोहण्याच्या तलावात भूत आहे अशी आवई कुणी उठवली — मस्त रंगलंय, कुत्रासुद्धा पाण्यात पडलाय — आणि ऐन शेवटची पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली! वाफ दिली, पट्टी घातली, फाटली. आता मी तडफडतोय. इथं खरा चोर मला ठाऊक आहे आणि छापता येत नाही, आणि तिथं साधं भूत कोण ते कळत नाही! म्हटलं तिला, अगं बये, वर दूध सांडलेलं होतं तर आधी सांगायचं. — कुणाला म्हणजे? पोरीला. जिची पुस्तकं आहेत तिला. मी काय दुकानात जाऊन मागणार आहे, झिपरी द्या म्हणून? पोरगी अशी तिखट आहे ना! माझं म्हणणं, तिकिटं फाडणारी बाईच भूत. ती म्हणते, “काका, तुम्ही एवढे पत्रकार, मग शोधा की.” शेवट सांगत नाही म्हणजे नाही! तिची आई आतल्या खोलीत अहवालांच्या प्रती जुळवत होती तोवर आम्ही दोघं बाहेर भांडत बसलो होतो, आई आतून ओरडली, “हळू बोला, आज एक दिवस मिळतो मला, बाकी सगळा आठवडा प्रयोगशाळेत बाटल्या तपासण्यात —”

...

पेन का काढलंत?

नाही, कसले अहवाल म्हणजे — पोरीच्या शाळेचे. प्रगतीपुस्तक. बाटल्या औषधांच्या. औषधाच्या दुकानात आहे ती बाई, प्रयोगशाळा मी आपलं बोलण्याच्या ओघात म्हटलं. कंपनीच्या प्रयोगशाळेत किती बायका आहेत हे मला विचारू नका, मला माहीत नाही, मी कधी गेलो नाही तिथं. — एकच? कुणी सांगितलं तुम्हाला एकच आहे म्हणून?

वकीलसाहेब, तुम्ही मला बोलू दिलंत. पुस्तकाचं विचारलंत आणि गप्प बसलात. हे — हे मी लोकांना करतो. जन्मभर हेच केलंय मी.

बरं. बरं, ऐका. आणा तो कागद. कुठं करायची सही, इथं? केली. तारीखही घातली. राजीनामा झाला, आता नावाची गरज कुणाला उरली? मालकांना सांगा, म्हातारा नमला, खूश होतील. छापा म्हणावं माफी पहिल्या पानावर, माझ्या नावानं, फोटोसकट. तुम्ही इथं आलात, मी सही केली, दुसरं काही बोलणं झालं नाही. झालं का? तेरा वर्षांची पोर आहे हो, घरात दुसरं मिळवतं माणूस नाही. झालं का काही बोलणं?

मान तरी हलवा.

अहो, उठू नका असे. वकीलसाहेब — फोन खिशात ठेवा. आधी मला उत्तर द्या. कुणाला लावताय फोन? वकीलसा—