सभा तहकूब असताना

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या अग्निशमन दलाचे प्रमुख मिस्टर ऑर्कट, व्यासपीठावरील नगरमंडळाचे सन्माननीय सदस्य, एवढ्या चिखलातून राजधानी ऑगस्टाहून आलेले पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती श्रीमती विनिफ्रेड चॅडबर्न, आणि बूट पुसून आत आलेल्या व न पुसता आलेल्या माझ्या समस्त गावकऱ्यांनो,

गावसभेच्या सभापतिपदावरून निवृत्त होणाऱ्या विनीबाईंच्या निरोपाचं भाषण समितीनं माझ्याकडे, आर्मां गोडेटकडे का दिलं, हे कोडं मला सुटलेलं नाही. मी बंदुका विकतो आणि दुरुस्त करतो. बोलणं हा माझा धंदा नव्हे. पण दर मार्चच्या गावसभेत विनीबाईंनी ‘खाली बसा’ असं सगळ्यांत जास्त वेळा मलाच सांगितलंय, तेव्हा तीच माझी पात्रता धरली असावी.

आपल्या सभेचा नियम पाहुण्यांना ठाऊक असेलच. सभेत एकमेकांशी बोलायचं नाही. जे काय असेल ते सभापतींना सांगायचं. शेजारच्याची गाय तुमच्या कोबीत शिरली असेल आणि तो शेजारी मांडीला मांडी लावून बसला असेल, तरी तक्रार विनीबाईंकडे बघूनच करायची. या नियमामुळे गावात किती डोकी फुटायची वाचली, याचा विचार मी पुष्कळदा करतो. आणि बाईंचं स्वतःचं मत? ते कुणाच्या बापाला कळलं नाही. मी खोदून खोदून विचारलंय. त्या म्हणायच्या, “आर्मां, तुझं मत तुला पेलतंय का, ते आधी बघ.”

आता गेल्या मार्चचं बोलायला हवं. तुम्ही सगळे वाटच बघताय, कळतंय मला.

माझी मुलगी सेलेस्ट आपल्या शाळेत नर्स आहे. त्याआधीच्या पानगळीत शाळेत बंदूकधारी शिरल्याची आवई उठली, आणि ती खोटी निघाली. दुसऱ्या दिवशी सेलेस्ट माझ्या दुकानात आली आणि लष्करी घाटाच्या, झपाझप गोळ्या सोडणाऱ्या त्या रायफलींकडे बोट दाखवून म्हणाली, “बाबा, ह्या काढून टाका.” मी तिला आपल्या मेन राज्याच्या घटनेतलं कलम म्हणून दाखवलं. शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क, आणि त्यावर कधीही प्रश्न उपस्थित केला जाणार नाही. ती म्हणाली, “हक्कावर नाही, तुम्हाला प्रश्न विचारतेय.” आणि निघून गेली. हिवाळाभर आमचं बोलणं बंद होतं. मार्चमध्ये तिनं ठराव आणला, की अशा रायफलींच्या विक्रीवर बंदी घाला, असं गावानं विधिमंडळाला कळवावं.

सकाळभर बापलेक विनीबाईंमार्फत भांडलो. “सभापतीबाई, शेरीफची गाडी यायला पाऊण तास लागतो, हे माझ्या मुलीला सांगा.” “सभापतीबाई, माझ्या वडिलांना विचारा, पाऊण तासात मूस हरणांचा कळप चाल करून येणार आहे का, की झपाझप गोळ्या सोडाव्या लागतील?” लोक पोट धरून हसत होते. मग जेवणाची सुट्टी झाली.

टेबलावर बीन्सचं पातेलं सेलेस्टच्या पुढ्यात होतं. सवयच लागली होती, मी म्हणालो, “सभापतीबाई, माझ्या मुलीला ते पातेलं इकडे सरकवायला सांगा.”

विनीबाई पावाला लोणी लावत होत्या. मानही वर न करता म्हणाल्या, “सभा तहकूब आहे. तहकुबीत मी कुणीच नाही. तुझं तू सांग.”

आता बीन्स तर हवे होते. मी म्हणालो, “सेलेस्ट, बीन्स.” तिनं पातेलं सरकवलं. पण हात काढला नाही.

ती हळूच म्हणाली, “बाबा, त्या दिवशी मी औषधांच्या खोलीत मुलांना घेऊन बसले होते. बाहेर धाडकन आवाज झाला. कुणीतरी टेबल पाडलं होतं, पण ते नंतर कळलं. लहानपणी आवाजावरून बंदूक ओळखायला तुम्हीच शिकवलंत ना? मी मुलांची तोंडं दाबून तेच ऐकत होते. आपल्या दुकानातली आहे का, ते.”

मी बीन्स वाढून घेतले. खाल्ले नाहीत.

दुपारी तिची पाळी आली, तर तिचा आवाजच फुटेना. औषधांच्या खोलीतलं ते सांगितल्याशिवाय तिची बाजू लंगडी पडत होती, आणि ते तिच्याखेरीज मलाच माहीत होतं. मी उठलो. म्हणालो, “सभापतीबाई, मी ठरावाच्या विरोधात आहे. पण माझ्या मुलीचं एक सांगायचं राहिलंय, ते आधी सांगतो.” आणि सांगितलं. मग माझंही सांगितलं, की आज ही रायफल काढाल, उद्या माझ्या आजोबांची हरणाची बंदूक काढाल, ही भीती मला खरोखर वाटते.

मतमोजणीला होकारवाले खिडक्यांकडे उभे राहिले, आम्ही नकारवाले स्टोव्हकडे. खिडक्यांकडे जास्त माणसं होती. विनीबाईंनी नेहमीच्याच सुरात जाहीर केलं, “ठराव मंजूर. पुढचा विषय, रस्त्यावरच्या बर्फावर टाकायचं मीठ.”

लोक मला विचारतात, “आर्मां, स्वतःचीच बाजू हरवलीस की रे?” हरवली असेल. मला खंत नाही. पटलं नव्हतं, म्हणून मी जागा बदलली नाही, आणि तिचं म्हणणं अर्धवट राहिलेलं मला बघवलं नाही. सेलेस्ट आता रविवारी जेवायला येते. त्या रायफली अजून दुकानात आहेत, आणि ती मागच्या दारानं येते.

पण एक गोष्ट तिला विचारायचा धीर मला वर्षभर झाला नाही. तो आवाज ओळखीचा निघाला असता, तर ती पुन्हा मला बाबा म्हणाली असती का?

ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. मान हलवते आहे खरी, पण हो म्हणते की नाही, ते मला इथून दिसत नाही. आणि विनीबाई आता पदावर नाहीत, त्यामुळे त्यांच्यामार्फतही विचारता येत नाही. विनीबाई, गावाच्या वतीनं तुमचे मनापासून आभार. सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, तुमचेही आभार. सत्काराचं भाषण सोडून घरचंच बोललो, तेवढं पोटात घाला. मला आता खाली तिसऱ्या रांगेत जायचंय.