भाऊजीच्या स्पोर्ट्स कारले जीपचे ब्रेक

गाड्यायचा विषय निघालाच हाये, तं आमच्या भाऊजीचं ऐका. त्यायनं बालाघाटात जुनी, लाल स्पोर्ट्स कार घेतली. पोट जमिनीले टेकन एवढी बुटकी. म्हणे, ब्रेक बरोबर लागत नाही. मंग मिस्त्रीकडून मलाजखंडच्या एका भंगार जीपचे ब्रेक बसवून घेतले. ते कारच्या चाकात मावेनात, म्हणून जीपचीच चाकं लावली. चाकं पत्र्याले घासाले लागली, म्हणून गाडी हातभर उचलली. मंग चढता येईना, म्हणून खाली पायरी ठोकली.

एक दिवस त्यायच्या बाजूले बसून जाता जाता मी म्हटलं, "भाऊजी, आता ही स्पोर्ट्स कार राह्यली काय?"

"तू फक्त ब्रेक पाह्य!" म्हणत त्यायनं कटंगीले, जिथून तुमसरच्या सवारी जीपा सुटतात, नेमका तिथंच ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. लगेच एका म्हातारीनं माह्या बाजूचं दार उघडलं, कांद्याचं पोतं माह्या मांडीवर ठेवलं आन् म्हणे, "सरक बापा, तुमसरले जायचं हाये."

भाऊजी भडकले. "बाई, ही स्पोर्ट्स कार हाये!"

"हौ, पण थांबली ना?"

भाऊजी छाती फुगवून माह्याकडे वळले. "पाह्यलं? तिलेही ब्रेक समजले!"